करार पुष्कळ, प्रश्न कोणाचा?

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांच्या वार्षिक अहवालात परदेशी संस्थांशी झालेल्या सामंजस्य करारांची यादी असते. नॅकच्या मूल्यमापनात ‘कार्यरत’ करारांची संख्या विचारली गेली. क्यूएससारख्या क्रमवारीने २०२४च्या आवृत्तीपासून आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याला ५ टक्के भारांक दिला. अशा रकान्यांमुळे एक समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. आंतरराष्ट्रीय संबंध हे संस्थेने संस्थेशी जोडायचे असतात आणि ते एकदा जोडले की पीएच.डी.च्या संशोधनाची उंची आपोआप वाढते, असा तो समज.

हा समज उथळ आहे आणि त्याने आपले नुकसान केले आहे. माझे म्हणणे असे की डॉक्टरेटच्या पातळीवरचा आंतरराष्ट्रीय संबंध एखाद्या प्रश्नाभोवती उभा राहतो. तो प्रश्न इथल्या संशोधकाने मांडलेला किंवा निदान स्वतःचा करून घेतलेला असावा लागतो. शिवाय त्या प्रश्नावर काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाला आपल्यावाचून पुढे जाता येऊ नये, असे काहीतरी आपल्या हाती असावे लागते. मग ती हस्तलिखिते असोत, मोजमापे असोत, एखादे उपकरण असो किंवा केवळ एक भक्कम युक्तिवाद असो. एवढे असले की करार मागाहून, कागदोपत्री सोय म्हणून होतो. एवढे नसले तर दहा करारांनीही काही साधत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय संबंधांसाठीचा पहिला पैसा आणि पहिले कष्ट घरच्या विभागावर, घरच्या गाइडवर आणि घरच्या विद्यार्थ्याच्या वेळेवर खर्च व्हायला हवेत.

१. पीएच.डी.चीच वर्षे का?

प्राध्यापकांच्या परदेशात ओळखी असतातच. परिषदांत भेटीगाठी होतात, एकमेकांना व्याख्यानांची निमंत्रणे जातात. पण संशोधनाची पद्धत ओळखीतून पोचत नाही. हस्तलिखितांची पाठतुलना कशी करायची, दुर्बिणीतून आलेल्या संकेतातला गोंगाट कसा वेगळा काढायचा, एखाद्या वस्तीत मुलाखती घेताना काय विचारू नये, हे जाणत्या माणसाशेजारी बसून, चुका करत, महिनोन्‌महिने काम करून शिकावे लागते. एवढा वेळ आणि शिकण्याची एवढी तयारी बहुतेकांना आयुष्यात एकदाच मिळते, ती पीएच.डी.च्या काळात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार हा काळ किमान ३ आणि साधारणपणे कमाल ६ वर्षांचा आहे.

यातून तीन गोष्टी ओघाने येतात. संबंधाचा खरा वाहक विद्यार्थी असतो. पद्धत त्याच्याबरोबर जाते आणि त्याच्याबरोबर येते. दुसरे, संबंध टिकायचा तर गरज दोन्हीकडून असावी लागते, कारण उपकार म्हणून मिळालेली जागा अनुदान संपताच संपते. तिसरे, असा संबंध पिकायला दहा-पंधरा वर्षे लागतात. ज्या व्यवस्थेला दर वर्षी आकडा दाखवायचा आहे तिला इतकी वाट पाहवत नाही, आणि मग ती ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणावर समाधान मानते. २०१६च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणे सक्तीची होती. या सक्तीवर पैसे घेऊन छापणारी, नावात ‘इंटरनॅशनल’ असलेली नियतकालिके पोसली गेली आणि एखाद्या परदेशस्थ वक्त्याच्या ऑनलाइन भाषणावर परिषदा ‘आंतरराष्ट्रीय’ ठरल्या. २०२२च्या नियमांनी शोधनिबंधाची सक्ती काढली, ते योग्यच झाले. सवय मात्र अजून गेलेली नाही.

२. पुण्यातला आराखडा, येलमधला संपादक

महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हावी ही मागणी प्रथम युरोपात झाली. मॉरित्स विंटरनित्स यांनी १८९७मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत ती मांडली. हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८मध्ये काही श्लोकांचे संपादन नमुन्यादाखल छापले. पुढे पहिले महायुद्ध आले आणि योजना थांबली. पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९मध्ये हे काम अंगावर घेतले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पैशाने पाठीशी उभे राहिले. १९२५मध्ये प्रमुख संपादकपदाची जबाबदारी विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. सुकथनकरांची डॉक्टरेट बर्लिनची होती आणि त्यांचे गुरू हेच ल्यूडर्स.

पाठचिकित्सेची जी शिस्त सुकथनकर बर्लिनमध्ये शिकले ती मुळात ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांसाठी घडलेली होती. एका मूळ प्रतीपासून नकला होत गेल्या, नकलांतल्या चुकांवरून त्यांची वंशावळ मांडता येते, असे तिचे गृहीतक. महाभारत असे नव्हते. ते शतकानुशतके सांगितले गेले, वाढवले गेले; प्रती एकमेकींत मिसळल्या. १९३३मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी स्पष्ट मांडले की हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे आणि ती वंशावळीची रीत इथे जशीच्या तशी चालणार नाही. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या प्रती जुळवून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचे नियम घडवले. या प्रकल्पात एकूण १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. सभापर्वाचे संपादन येल विद्यापीठातले फ्रँकलिन एजर्टन यांनी केले आणि ते १९४४मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या अग्रगण्य संस्कृत पंडिताने पुण्यात ठरलेल्या नियमांनुसार काम केले. १९६६मध्ये १९ खंडांचे हे कार्य पूर्ण झाले.

डॉक्टरेटच्या काळात शिकलेली पद्धत इथे आली. इथल्या सामग्रीने त्या पद्धतीलाच प्रश्न विचारले. त्यातून घडलेली नवी पद्धत बाहेरच्यांनी स्वीकारली. सुकथनकरांनी बर्लिनची रीत मुकाट्याने लागू केली असती तर पुण्याला एक हुशार शिष्य मिळाला असता, पण एजर्टन मिळाले नसते.

३. कल्याण ते खोडद

विज्ञानातले याहून बोलके उदाहरण रेडिओ खगोलशास्त्राचे आहे. गोविंद स्वरूप १९५३मध्ये ऑस्ट्रेलियाला, सिडनीत जोसेफ पॉसी यांच्या गटात गेले. पॉट्स हिल येथे ६ फूट व्यासाच्या ३२ अँटेनांची मालिका होती आणि तिचे तिथले काम संपत आले होते. या अँटेना भारताला द्याव्यात अशी विनंती स्वरूप यांनी केली आणि ती मान्य झाली. त्या अँटेना प्रथम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आल्या. दरम्यान स्वरूप यांनी स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी. केली. १९६१मध्ये परदेशांत काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, स्वरूप त्यांपैकी एक, होमी भाभा यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला की आम्ही परत येऊ आणि एकत्र काम करू. १९६३मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९६५मध्ये सिडनीच्या त्याच अँटेना मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या आणि सूर्याची निरीक्षणे सुरू झाली.

दान मिळालेल्या उपकरणावर समाधान मानून हा गट थांबला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण १९७०पर्यंत उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली, अशा डोंगरउतारावर की ज्याचा कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका आहे. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती ती फिरवून आकाशातल्या स्रोताचा तासन्‌तास माग काढता येऊ लागला. भारत विषुववृत्ताच्या जवळ असल्याचा इतका सुंदर उपयोग दुसऱ्या कुणी केला नव्हता. पुढे नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण झाली: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. वजन आणि खर्च कमी व्हावा म्हणून त्यांचा पृष्ठभाग ताणलेल्या तारांच्या जाळीचा आहे. ही कल्पना इथलीच. या दुर्बिणीचा वेळ जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो.

जून २०२३मध्ये जगभरच्या काही गटांनी अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. त्यांत युरोपीय गटाबरोबर भारत-जपान गटाची खोडदची निरीक्षणे होती. युरोपाला खोडदची गरज का पडली? या लहरींचा शोध पल्सार ताऱ्यांच्या नियमित रेडिओ-स्पंदांवरून घेतला जातो. या स्पंदांना अवकाशातल्या इलेक्ट्रॉनांमुळे विलंब होतो आणि हा विलंब कमी वारंवारितेवर अधिक ठळक दिसतो. तो नेमका मोजून वजा केल्याशिवाय गुरुत्वीय लहरींची सूक्ष्म खूण हाती लागत नाही, आणि कमी वारंवारितेचे असे मोजमाप खोडदला उत्तम होते. गरज दोन्हीकडून असावी लागते असे मी वर म्हटले, ते हेच. या भारतीय गटात पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत. ते आपल्या प्रबंधाचे काम करता करताच युरोपातल्या सहकाऱ्यांच्या विश्लेषणाची तपासणी करतात आणि त्यांच्याकडून आपली करून घेतात.

पुण्यातच, आयुका या खगोलविज्ञान केंद्रात, संजीव धुरंधर गुरुत्वीय लहरींच्या संकेत-विश्लेषणावर काम करत होते तेव्हा अशी लहर कुणी थेट टिपलेली नव्हती. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१मध्ये लिहिलेला निबंध गोंगाटातून संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतीवर होता. पहिली लहर टिपली गेली २०१५मध्ये, आणि आज हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडियाचा प्रकल्प मंजूर झालेला आहे. या दोन टोकांमध्ये जवळपास पाव शतक गेले. कोणत्याही वार्षिक अहवालाला हा काळ मोजता आला नसता.

४. मतभेदाची जागा

परदेशी संबंधांचा सर्वांत मोठा लाभ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण सुविधा, ग्रंथालये, शिष्यवृत्त्या सांगतील. माझ्या मते सर्वांत मोठा लाभ म्हणजे ज्याला आपली भीड नाही असा वाचक. आपल्या विभागात गाइड, परीक्षक आणि सहकारी एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. व्हायवा बहुतेकदा आनंदसोहळा असतो. विद्यार्थ्याच्या मुख्य विधानाला कुणी मुळापासून हात घातला, असे क्वचित घडते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी लिहिलेला प्रबंध १९२३मध्ये ग्रंथरूपाने आला. प्रश्न भारताच्या चलनाचा होता. सुवर्ण विनिमय परिमाणाचा पुरस्कार करणाऱ्या केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाच्या मांडणीवर त्यात थेट टीका होती. ग्रंथाला प्रस्तावना एडविन कॅनन यांची. कॅनन यांनी त्या प्रस्तावनेतच आंबेडकरांच्या बऱ्याच युक्तिवादांशी आपण सहमत नसल्याचे नमूद केले आणि तरीही ग्रंथाचे मोल मान्य केले. एका वसाहतीतून आलेल्या विद्यार्थ्याने साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्याच्या चलन-धोरणावर प्रहार करावा आणि असहमत प्राध्यापकाने त्याला प्रस्तावना द्यावी, हा मला आंतरराष्ट्रीय विद्यासंबंधाचा आदर्श वाटतो.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. त्यांनी बर्लिनला ऑयगन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन केले. वंशभेदाच्या सिद्धांतांचा पगडा असलेल्या त्या वातावरणात त्यांच्या मोजमापांनी गुरूच्या अपेक्षेला दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. फिशर यांचा पुढचा प्रवास नाझी राजवटीच्या वंशवादाकडे गेला, हे लक्षात घेतले की त्या तरुण मराठी संशोधिकेच्या प्रामाणिकपणाचे मोल कळते. मोजमापाचे तंत्र त्यांनी बर्लिनकडून घेतले, निष्कर्ष मात्र उसना घेतला नाही. परत आल्यावर डेक्कन कॉलेजमधून त्यांनी नातेव्यवस्थेवर जे काम केले, त्याचे प्रश्न इथल्या घराघरांतून आणि वाड्यावस्त्यांतून आलेले होते.

या दोन्ही ठिकाणी परदेशी गुरू मोठा होता आणि विद्यार्थ्याची मान ताठ होती. आज परदेशी सह-मार्गदर्शक मिळाला की त्याच्या प्रकल्पात आपला विषय बसवून घेण्याकडे विद्यार्थ्याचा कल असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ताठ मानेने बोलायला आपला अभ्यास पक्का आहे असा विश्वास लागतो आणि तो घरच्या विभागाने द्यायचा असतो.

५. सह्याद्रीचे खडक कोणाच्या प्रयोगशाळेत?

सर्व चित्र उजळ नाही. दख्खनच्या लाव्ह्याचा अभ्यास हा जगाच्या भूशास्त्रातला एक मोठा विषय आहे, कारण डायनोसॉरांचा अंत ज्या काळात झाला त्याच काळाच्या आसपास हा लाव्हा वाहिला. १९८०च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर यांच्यासारख्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या लाव्ह्याच्या थरांची रासायनिक गुणधर्मांवरून क्रमवारी लावली. इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही त्या थरसमूहांची नावे आज जगभरच्या शोधनिबंधांत वापरली जातात. घाटात हिंडून केलेल्या या कामाला आजही कुणी वगळू शकत नाही.

पुढचा टप्पा आला थरांचे वय अत्यंत अचूक ठरवण्याचा. झिरकॉनच्या सूक्ष्म कणांतील युरेनियम-शिसे प्रमाण किंवा आर्गॉनची समस्थानिके मोजणाऱ्या उच्च अचूकतेच्या प्रयोगशाळा जगात थोड्या आहेत. २०१५पासून गाजलेली कालमापने प्रिन्स्टन आणि बर्कलीच्या गटांनी प्रसिद्ध केली. त्या निबंधांत भारतीय भूशास्त्रज्ञ सहलेखक आहेत आणि ते काम उत्तम आहे. माझी तक्रार कुणा व्यक्तीबद्दल नाही. चिंता रचनेची आहे. खडक इथले, चढउतार इथला, थरांची ओळख इथली, आणि निर्णायक मोजमाप तिकडे, अशी वाटणी कायम झाली तर आपले विद्यार्थी वाटाडे आणि नमुने गोळा करणारे होऊन बसतील. पीएच.डी. तिकडच्या विद्यार्थ्याची होईल, आपल्या विद्यार्थ्याचे नाव आभारात येईल. परिसरविज्ञान, वैद्यक, मानववंशशास्त्र अशा क्षेत्र-सामग्रीवर उभ्या असलेल्या प्रत्येक विषयात हा धोका आहे.

म्हणून प्रत्येक संयुक्त प्रकल्पाला तीन प्रश्न विचारावेत. यातून इथे किती प्रबंध उभे राहिले? मूळ आधारसामग्री कोणाच्या ताब्यात आहे? इथला विद्यार्थी तिथल्या प्रयोगशाळेत स्वतः यंत्र चालवायला शिकला का? करारांच्या संख्येपेक्षा या तीन उत्तरांतून विद्यापीठाची खरी स्थिती कळते.

६. आक्षेप

*‘ही मोठ्या संस्थांची चैन आहे.’* पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप हा. टाटा संस्था किंवा आयुका यांची उदाहरणे देऊन नांदेडच्या, जळगावच्या, गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला काय सांगणार? मी गडचिरोलीचेच उदाहरण देतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून गडचिरोलीत आले. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले, दुसरीकडची गावे तुलनेसाठी ठेवली. डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजातांसाठी घरभेटींची शिफारस केली. गडचिरोलीपाशी महागडी प्रयोगशाळा नव्हती. जगाला लागणारा प्रश्न होता, काटेकोर आखणी होती आणि गावकऱ्यांचा विश्वास होता. शिवाय याच अभ्यासाच्या वाटेने २००१मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा मराठी अहवाल आला, ज्याने महाराष्ट्राला बालमृत्यूंचा हिशेब द्यायला लावला. एकच संशोधन जगाशी आणि जिल्ह्याशी बोलू शकते.

आक्षेपातला खरा भाग पैशाचा आहे आणि तो मी मान्य करतो. बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्थांच्या अधिछात्रवृत्तींसाठी विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले आहे. ज्याला महिन्याचे भाडे कसे भरायचे ही विवंचना आहे, त्याने जगाशी संवाद साधावा ही अपेक्षा क्रूर आहे. माझ्या मते अधिछात्रवृत्ती दर महिन्याला, ठरल्या तारखेला मिळणे हाच आंतरराष्ट्रीयीकरणाचा पहिला कार्यक्रम आहे.

*‘मराठीत लिहिणाऱ्याला जग कुठून भेटणार?’* उलट मराठीच्या अभ्यासकांनी जगाला मराठी शिकायला लावले आहे. हायडेलबर्गचे ग्युंथर सोन्थायमर खंडोबा आणि धनगरांच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रात हिंडले. एलिनॉर झेलियट यांनी डॉक्टरेटसाठी आंबेडकरी चळवळीचा अभ्यास केला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश केला आणि रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’चे इंग्रजी भाषांतर केले. ढेरे मराठीत लिहीत राहिले आणि जग त्यांच्या दारी आले, कारण विठ्ठलाच्या इतिहासाबद्दल त्यांच्यावाचून बोलणे अशक्य झाले होते. आपली उणीव वेगळी आहे. झेलियट, सोन्थायमर, फेल्डहाउस यांचे ग्रंथ आपल्या मराठी आणि इतिहास विभागांतले किती विद्यार्थी मुळातून वाचून त्यांच्याशी वाद घालतात? संवादाची अर्धी बाजू आपणच रिकामी ठेवली आहे.

*‘बाहेर पाठवले की मुले परत येत नाहीत.’* काही येत नाहीत, हे खरे. पण स्वरूप १९६३मध्ये आणि जयंत नारळीकर १९७२मध्ये परत आले ते काम करण्याजोगी जागा समोर होती म्हणून. आज परत येणाऱ्याला वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवायला लावले तर तो येणार नाही, आणि त्याचा दोष प्रवासाला देता येणार नाही.

*‘करारांशिवाय पैसे, परवानग्या, व्हिसा मिळत नाहीत.’* मान्य. करार टाकून द्या असे मी म्हणत नाही. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचे मोनॅश विद्यापीठ यांची २००८मध्ये सुरू झालेली संयुक्त संशोधन अकादमी पाहा. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्हीकडचे एकेक मार्गदर्शक असतात आणि पदवी संयुक्त मिळते. करार तिथे विद्यार्थ्याच्या प्रबंधात उतरलेला आहे, म्हणून तो जिवंत आहे. ज्या करारातून पाच वर्षांत एकही सह-मार्गदर्शन झाले नाही, तो यादीतून काढून टाकायला हरकत नसावी.

७. आजच्या नियमांत काय करता येईल

नवे कायदे लागत नाहीत. २०२२च्या नियमांतच म्हटले आहे की शक्य असेल तेथे एक बाह्य परीक्षक भारताबाहेरचा असावा. माझ्या पाहण्यात या तरतुदीचा वापर फार थोडे विभाग करतात. परदेशी परीक्षकाचा अहवाल यायला उशीर होतो, हे कारण पुढे येते. परीक्षक प्रबंध सादर झाल्यावर शोधला तर उशीर होणारच. तो दुसऱ्या वर्षीच ठरवावा, त्याला सिनॉप्सिस पाठवावा, वर्षातून एकदा त्याचे मत घ्यावे. नियमातली एक ओळ अशा रीतीने तीन वर्षांचा संवाद होते. नियमांत बाहेरच्या संस्थेतला सह-मार्गदर्शक घेण्याचीही तरतूद आहे. तीही वापरावी.

वाचायला साहित्य नाही, ही अडचण कमी होते आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आणि सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांपुढे खुली होत आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विभागाला पूर्वी हे स्वप्नातही शक्य नव्हते. आता प्रत्येक विभागाने आठवड्यातून एक तास एकच ताजा निबंध एकत्र वाचावा आणि त्यावरचे आक्षेप लेखकाला कळवावेत. बहुतेक संशोधक अशा पत्राला उत्तर देतात, आणि ओळख तिथून सुरू होते.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या प्रत्येक मराठी प्रबंधाला दहा पानांचा इंग्रजी सारांश असावा. तितक्याच आग्रहाने प्रत्येक इंग्रजी प्रबंधाला मराठी सारांश असावा, कारण ज्या गावांनी, रुग्णांनी, कारागिरांनी माहिती दिली त्यांचा तिच्यावर पहिला हक्क आहे. परदेशी वास्तव्याचा निधी दोन दिवसांच्या परिषदेऐवजी तीन ते सहा महिन्यांच्या कामासाठी द्यावा, आणि तोही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, विद्यार्थ्यापाशी दाखवायला स्वतःचे काही जमल्यावर. पहिल्या वर्षी पाठवलेला विद्यार्थी दुसऱ्याचा विषय घेऊन परततो.

पीएच.डी.च्या विषयांना मान्यता देणाऱ्या समितीच्या, म्हणजे आरआरसीच्या, सदस्यांना माझी विनंती आहे. पुढच्या नोंदणीच्या वेळी विषयाचे शीर्षक दुरुस्त करण्याआधी उमेदवाराला विचारा की या प्रश्नावर जगात तुमच्याशी मतभेद होऊ शकेल अशी तीन माणसे कोण, ती कुठे काम करतात आणि त्यांचे अलीकडचे काय वाचले आहे. उत्तर आले नाही तर त्याला नाकारू नका. सहा महिने वाचायला द्या, त्या काळात त्याची अधिछात्रवृत्ती चालू ठेवा, आणि त्याच्या गाइडलाही हाच प्रश्न विचारा.